आंतरराष्ट्रीय धोक्यांची झळ एमआयडीसीपर्यंत

बारामती : आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरील व्याख्यान म्हटले, की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर सीमा, क्षेपणास्त्रे आणि दहशतवादी हल्ले उभे राहतात. हा विषय सैन्याचा आणि परराष्ट्र खात्याचा, अशी समजूत करून घेऊन नोकरदार तरुण ते कुतूहलाने ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. बारामती औद्योगिक वसाहतीत खरेदी, लेखा, निर्यात वा संगणक विभाग सांभाळणाऱ्या तरुणांनी मात्र ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. दूरदेशीचा संघर्ष त्यांच्या टेबलावर येतो तो एखाद्या ई-मेलच्या, मागणीपत्राच्या किंवा रखडलेल्या कंटेनरच्या रूपाने.

या परिसराचे जगाशी असलेले नाते जुने आणि घट्ट आहे. पियाजिओ आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने बारामतीत आहेत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने अवकाश आणि अणुऊर्जा कार्यक्रमांसाठी अवजड सामग्री घडवली आहे. येथील द्राक्षे आणि डाळिंबे न्हावाशेवामार्गे परदेशी जातात. यातील प्रत्येक धाग्याला बाहेरून ताण बसू शकतो.

बंदरातील संगणक ठप्प

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका संगणक प्रणालीतून 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. तेथे कार्यालय असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक त्यात बंद पडले. तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेवा येथील टर्मिनलचे कामकाजही विस्कळित झाले आणि कंटेनरची नोंद हाताने करण्याची पाळी आली. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. अमेरिका आणि ब्रिटनने २०१८ मध्ये या हल्ल्यामागे रशियाचे लष्कर असल्याचा आरोप केला. रशियाने तो फेटाळला. नेम युक्रेनवर धरलेला होता. तरीही फटका रायगड जिल्ह्यातील बंदराला बसला.

पुण्यातील बँकेवर दरोडा

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. एटीएममध्ये कार्ड घातले, की खात्यात शिल्लक आहे का, अशी विचारणा 'स्विच' नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. चोरट्यांनी तोतया स्विच उभा करून ही विचारणा मध्येच अडवली आणि स्वतःच होकार दिला. बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. उत्तर कोरियावरील निर्बंधांवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात त्या देशाशी संबंधित सायबर हल्ल्यांच्या संदर्भात या घटनेचा उल्लेख केला.

तांबड्या समुद्राचा वळसा

नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी गुजरातमधील पिपावावकडे निघालेले 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवले. त्यानंतर अनेक जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला, भाडे आणि विमा वाढला. यंत्राच्या सुट्या भागांना उशीर सोसतो, द्राक्षांना सोसत नाही. एकाच मार्गावर विसंबून दिलेली तारीख किती कच्ची असते, हे त्या हंगामात निर्यातदारांना कळून चुकले.

साधा भाग, घातक उपयोग

चौथा धोका सर्वांत कमी चर्चिला जातो. ऑक्टोबर २००३ मध्ये लीबियाकडे निघालेल्या 'बीबीसी चायना' या जहाजावर अणुइंधन समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे भाग सापडले. ते मलेशियातील एका अभियांत्रिकी कारखान्यात तयार झाले होते. हे भाग तेल व वायू उद्योगासाठी असल्याची आपली समजूत होती, असे त्या कारखान्याचे म्हणणे होते. मागणी मात्र पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्यातून आली होती.

अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंसाठी भारतात 'स्कोमेट' ही यादी असून त्यांच्या निर्यातीस परवाना लागतो. हे काम प्रामुख्याने विदेश व्यापार महासंचालनालय पाहते. वस्तू यादीत नसली, तरी ती संहारक शस्त्रासाठी जाणार असल्याचे ठाऊक असताना पाठवणे २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरतो. लेथवर अचूक भाग घडवणाऱ्या लहान कारखान्यालाही हा नियम लागू आहे.

सावधगिरी कोठे हवी?

यावरील उपाय बहुतांशी साधे आहेत. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ई-मेल आला, तर पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. महत्त्वाच्या माहितीची प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी. अनोळखी ग्राहक वस्तूच्या उपयोगाबद्दल बोलणे टाळत असेल, रोखीचा आग्रह धरत असेल किंवा माल तिसऱ्याच देशात पाठवण्यास सांगत असेल, तर व्यवहार थांबवून वरिष्ठांना कळवावे. सायबर हल्ला झाल्यास 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला ६ तासांत माहिती देणे २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना बंधनकारक आहे. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी. विलंब होईल तसतशी रक्कम गोठवण्याची शक्यता घटते.

या सर्व प्रसंगी पहिली शंका येऊ शकते ती बहुधा एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला. ती बोलून दाखवल्याबद्दल त्याला बोलणी खावी लागणार नाहीत, ही हमी व्यवस्थापनाने द्यायला हवी. मालाची गाडी निघण्याची घाई असताना दोन-चार तास खोळंबा करण्याचा अधिकार त्या तरुणाला मिळाला नाही, तर सुरक्षेवरील उत्तम व्याख्यानही सभागृहातच राहील.