आकाशातील मानकरी

गोमंतकातील देवस्थानांना मानापमानाचे वाद नवे नाहीत. पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, नारळ आधी कोणाच्या हाती पडावा, प्रसाद कोणत्या क्रमाने वाटावा यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रसंगी उत्सवही अडले. मानकऱ्यांची ही यादी देवळाच्या प्राकारातच राहते असा ज्यांचा समज असेल, त्यांनी एकदा रात्रीच्या वेळी मोपाच्या विमानतळावर परदेशी विमानांच्या रांगांपाशी उभे राहावे.

काही महिन्यांपूर्वी आम्ही अशाच एका रांगेत होतो. पुढे आखातात नोकरी करणारे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ होते. त्यांची बॅग काट्यावर चढली आणि पलीकडच्या मुलीने सांगितले, “काका, चार किलो जास्त आहे. पैसे भरा, नाहीतर काहीतरी काढा.” गृहस्थांनी खिशातून कंपनीचे सभासदकार्ड काढून पुढे केले. “बाय, वीस वर्षं याच विमानानं जातोय मी.” मुलीने नंबर पाहिला. तिलाही वाईट वाटले असावे. “पण काका, हे अगदी खालच्या श्रेणीचं आहे हो.” मग तेथेच, सर्वांच्या देखत, बॅग उघडली गेली आणि कुळथाचे पीठ, सोलां व खाज्यांचा पुडा बाहेर आला. त्याच वेळी शेजारच्या, तांबडा गालिचा अंथरलेल्या रांगेत तिशीतील एक तरुण दोन अवजड बॅगा ठेवून, एक पैसाही न भरता, विश्रामकक्षाकडे निघून गेला. त्याचे तिकीट आमच्याच वर्गाचे होते. पुढे विमानात तो आमच्या मागच्याच ओळीत बसला.

वीस वर्षे इमानाने एकाच कंपनीच्या विमानाने जाणारा खालच्या पायरीवर का, आणि हा तरुण वरच्या पायरीवर का? हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण गोमंतकात क्वचितच असे घर सापडेल की ज्याचा कोणी ना कोणी आखातात, बोटीवर, लिस्बनला किंवा विलायतेस नाही.

ही प्रथा अमेरिकेत जन्मली. तेथे १९७८ साली विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली, दरयुद्ध सुरू झाले आणि नेहमीचे गिऱ्हाईक टिकवायचे कसे, ही विवंचना कंपन्यांना पडली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हांटेज’ ही योजना काढली. आपल्या आरक्षणयंत्रात कोणते दूरध्वनी क्रमांक वारंवार येतात हे धुंडाळून तिने नेहमीचे प्रवासी हुडकले आणि प्रत्येक मैलाची त्यांच्या नावावर नोंद ठेवण्यास आरंभ केला. युनायटेडने काही दिवसांतच तिचे अनुकरण केले. पुढे एकेका कंपनीचे जाळे अपुरे पडू लागले, तेव्हा आघाड्या झाल्या. १९९७ च्या मे महिन्यात पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ स्थापन केली. १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ आणि २००० मध्ये ‘स्कायटीम’ आली. एअर इंडियाला ‘स्टार’चे निमंत्रण २००७ मध्ये आले, २०११ मध्ये तिचा प्रवेश रोखला गेला आणि ११ जुलै २०१४ रोजी ती अखेर आत गेली. आखातातील कंपन्यांपैकी कतार एअरवेज २०१३ मध्ये आणि ओमान एअर २०२५ मध्ये ‘वनवर्ल्ड’मध्ये दाखल झाली, सौदिया ‘स्कायटीम’मध्ये आहे. एमिरेट्स मात्र कोणाच्याच पंक्तीला बसलेली नाही. आपली इंडिगोही नाही.

आघाडीचा अर्थ इतकाच की एका घरचा मान दुसऱ्या घरी चालतो. ‘स्टार’च्या दोन पायऱ्या, सिल्व्हर आणि गोल्ड. ‘वनवर्ल्ड’च्या तीन, रुबी, सफायर आणि एमराल्ड. ‘स्कायटीम’मध्ये एलिट आणि एलिट प्लस. प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पायऱ्या निराळ्या असतात, त्यांची नावेही निराळी असतात. आघाडी त्यांना आपल्या या मोजक्या पायऱ्यांत बसवून घेते. खरा लाभ वरच्या पायरीपासून सुरू होतो. ‘स्टार गोल्ड’ प्रवाशाला वेगळी रांग मिळते, विश्रामकक्ष मिळतो, वीस किलो जादा सामान अथवा एक जादा नग नेता येतो आणि त्याची बॅग पट्ट्यावर आधी येते. ‘सिल्व्हर’च्या पदरी प्रतीक्षायादीतील अग्रक्रमापलीकडे फारसे काही पडत नाही. रौप्यपदक मिळाले म्हणून हुरळून गेलेल्यांची आम्हांस नेहमी गंमत वाटते.

सामान्य प्रवाशाची फसगत होते ती एका गोष्टीमुळे. त्याच्या नावावर वस्तुतः दोन खाती असतात आणि तो त्यांना एकच समजतो. एक खाते खर्च करण्याच्या पॉइंटांचे. त्यांतून तिकीट मिळते. दुसरे खाते मानाचे. त्यांतून काही विकत मिळत नाही, फक्त पायरी ठरते, आणि बहुतेक ठिकाणी हे खाते दर वर्षाअखेर पुसून पुन्हा शून्यापासून सुरू होते. देवळातला मान बापाकडून मुलाकडे येतो. हा मान त्याच माणसाकडेही पुढल्या साली राहील याची शाश्वती नाही. वीस वर्षांत वीस वेळा गेलेला मनुष्य या हिशेबात वर्षातून एकदाच जाणारा ठरतो. त्याच्या निष्ठेची बेरीज कोणी करीतच नाही.

त्यातही गेल्या दहा-बारा वर्षांत मोजण्याचे मापच बदलले. पूर्वी मैल मोजत, आता पैसे मोजतात. डेल्टा व युनायटेड यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये प्रवासाचे अंतर सोडून तिकिटाच्या किमतीवर मैल देण्यास सुरुवात केली. एअर इंडियानेही २०२४ मध्ये आपली योजना त्याच अंगाने बदलली. तिचे नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून तर आडपडदाच ठेवला नाही. सरकारी कर वगळून खर्चलेल्या एका पौंडास एक टियर पॉइंट, आणि गोल्डसाठी वर्षाला वीस हजार पॉइंट. वर्षातून एकदा, सर्वांत स्वस्त तिकीट शोधून घरी येणाऱ्या नोकरदाराने ही पायरी चढण्याची कल्पनाही करू नये. तारवट्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या खास तिकिटांवर सामानाची सवलत बहुधा असते. पण अशा सवलतीच्या वर्गावर पॉइंट पुष्कळदा तुटपुंजे मिळतात किंवा मुळीच मिळत नाहीत.

मग आमच्या वाचकाने काय करावे? सभासद जरूर व्हावे. त्याला पैसे पडत नाहीत. एका आघाडीतील एकच योजना धरावी, चार ठिकाणी चार थेंब साठवू नयेत. तिकिटावरील नाव, पासपोर्टावरील नाव आणि सभासदत्वाचे नाव अक्षरशः एक असावे. आपल्याकडे ही मोठीच अडचण आहे. जुन्या दाखल्यावर ‘शेट’ हे आडनाव पोर्तुगीज धाटणीने ‘एक्स’ अक्षराने सुरू होते आणि नव्या कागदावर ‘एस’ने, आणि यंत्राच्या दृष्टीने ती दोन माणसे ठरतात. पॉइंट खात्यात जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. विमान कोणत्या कंपनीचे आहे हे पाहावे. तिकीट एकाचे आणि विमान दुसऱ्याचे, असा प्रकार सर्रास चालतो, आणि एअर इंडिया एक्स्प्रेस ही एअर इंडियाची असली तरी ‘स्टार’ची सभासद नाही. साठलेले पॉइंट लवकर वापरून टाकावेत. हे चलन पाडणारी टांकसाळ आणि त्याचा भाव ठरवणारी पेढी एकच आहे. तिला वाटेल तेव्हा भाव उतरवता येतो. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, आणि त्यांच्या विमानांतून मानाने मिरवणाऱ्यांची सोनेरी-रुपेरी कार्डे एका रात्रीत कागदमोलाची झाली. मात्र कार्डासाठी महागडे तिकीट घेण्याचा मोह धरू नये. चार किलोंचे पैसे भरणे त्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

कंपन्यांना या योजना किती गोड आहेत याचा पुरावा साथीच्या वर्षी मिळाला. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. ज्या धंद्यात विमान उडत नसतानाही सावकार दारी उभा राहतो, त्यात कोणाचा पैसा असतो? बँका आपल्या कार्डधारकांना वाटण्यासाठी घाऊक मैल विकत घेतात, हा एक भाग. दुसरा भाग कचेऱ्यांचा. शेजारच्या रांगेतील त्या तरुणासारख्यांचे तिकीट बहुधा मालक काढतो. कंपनी निवडणारा नोकर, पैसे भरणारा मालक, आणि मान व मैल नोकराच्या नावावर. वर्षानुवर्षे चाललेल्या या योजनांची खरी किल्ली हीच आहे. खाजगी मालकाला ते चालत असेल तर आमचे काही म्हणणे नाही.

पण मालक जेव्हा जनता असते तेव्हा? जर्मनीत २००२ साली खासदारांनी सरकारी प्रवासातील मैल खाजगी प्रवासासाठी वापरल्याचे वृत्तपत्रांतून उघडकीस आले आणि बर्लिन राज्याच्या अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांना त्यापायी पद सोडावे लागले. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाचे आदेश स्पष्ट आहेत. सरकारी दौऱ्यावर मिळालेले मैल खात्याच्याच पुढील प्रवासासाठी वापरावेत, खाजगी वापर झाल्यास खातेनिहाय कारवाई व्हावी. तथापि मैल खात्याला परत देता येतात, पायरी देता येत नाही. सरकारी खर्चाने ‘गोल्ड’ झालेला अधिकारी कुटुंबासह सहलीस निघाला तरी ‘गोल्ड’च असतो, आणि त्याच्या जादा वीस किलोंचे भाडे कोणी मागत नाही. आदेशातील ही फट बुजवणे कठीण आहे, हे आम्ही मान्य करतो. निदान जे मोजता येते ते तरी मोजले जावे. गेल्या पाच वर्षांत राज्याच्या तिजोरीतून झालेल्या विमानप्रवासावर किती पॉइंट मिळाले, ते आज कोणाकोणाच्या नावावर आहेत आणि त्यांपैकी किती सरकारी कामासाठी वापरले गेले, एवढा एक अतारांकित प्रश्न विधानसभेच्या येत्या अधिवेशनात कोणी आमदार विचारील काय?