रस्त्याखालची नहर

औरंगाबाद, म्हणजेच २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. या शहराच्या जुन्या वस्तीतून जाणाऱ्यास आपल्या पायांखाली चारशे वर्षांपूर्वीचा जलमार्ग आहे, याची सहसा कल्पना नसते. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविले. नगर वाढावयाचे तर पाण्याची शाश्वती हवी, हे ओळखून त्याने काही वर्षांतच ‘नहर-ए-अंबरी’ बांधविली.

या नहरीस इंधन लागत नव्हते की मोट. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारात झिरपून जमा होई. तेथून अल्प उतार दिलेल्या बांधीव मार्गाने ते आपोआप शहराकडे वाहत येई. गाळ काढण्यासाठी व हवा खेळती राहण्यासाठी जागोजागी माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेविली होती. पुढे भाजलेल्या मातीचे नळ चुन्याच्या बांधकामात बसवून पाणी हौदांपर्यंत नेले जाई. वाटेत दगडी मनोरे असत. त्यांतून पाणी जवळजवळ उगमाच्या पातळीइतके वर चढे, कोंडलेली हवा निघून जाई, आणि नळांवरील दाब आटोक्यात राही.

पुढील काळात याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातील प्रसिद्ध पाणचक्कीचे जाते अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरे.

जमिनीखाली असल्यामुळे हे पाणी उन्हाने आटत नसे. परंतु दृष्टीआड असणे हेच आता या नहरींच्या नाशाचे कारण होत आहे. घराचा पाया खणताना मार्ग फुटतो, तोंडे बुजविली जातात, सांडपाणी आत शिरते. एका ठिकाणी मार्ग तुटला की पुढील सर्व हौद कोरडे पडतात. तोडणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. आपण काय तोडीत आहो हेच त्यास ठाऊक नसते.

हे अज्ञान दूर करण्याचे काम शाळेत होऊ शकते. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीची पातळी पाहतो. तीच नळी वर्गात आणून तिची दोन टोके वरखाली करून दाखवावी. मनोऱ्याचे तत्त्व मुलांस तत्काळ उमगेल. त्यानंतर गावातील जुनी बारव, हौद वा पाट यांची पाहणी करून मुलांकडून नकाशा काढवून घ्यावा व तो शाळेत जतन करावा. जमिनीखालचे जे नकाशावर येते, ते पुढे खणणाऱ्याच्या ध्यानात राहते.