काचेचा पेला आणि मोसंबे

चित्रकलेवर बोलावयाचे म्हणजे राजा रविवर्म्यापासून आरंभ करावा असा आपल्याकडे परिपाठ आहे. मी मात्र काचेच्या एका साध्या पेल्यापासून आरंभ करणार आहे. पेला पाण्याने निम्मा भरलेला. त्याच्यामागे वीतभर अंतरावर, जरा डावीकडे, आपल्या जालन्याचे एक मोसंबे. शेजारी पितळेचा तांब्या आणि उजेडाला एकच खिडकी. तैलरंगात स्थिरचित्र काढावयास एवढा संसार पुष्कळ झाला.

हौसेने तैलरंग शिकणाऱ्या एका मुलीने माझ्यासमोर हीच मांडणी रंगवली. पेल्याच्या डाव्या कडेबाहेर मोसंब्याचा थोडा भाग दिसत होता, तो तिने बरोबर काढला. पण पाण्यातून दिसणारे मोसंबे उजव्या कडेला नेले. "अगं, फळ डावीकडे आहे ना?" असे म्हणून मी तिचा कुंचला घेतला आणि चित्र 'दुरुस्त' करून दिले. ती काही बोलली नाही. वडीलधाऱ्यांपुढे कोण बोलतो? रात्री घरी पेला मांडून पाहिला, तेव्हा कळले की चूक माझीच होती.

पाण्याने भरलेला गोल पेला हे एक भिंगच होय. त्यातून जाताना प्रकाशकिरण वळतात. फळ पेल्याला अगदी खेटून ठेवले तर ते नुसते आडवे फुगलेले दिसते. मागे सरकवत नेले की एका जागी ते ओळखू येईनासे पसरते, आणि त्याच्याही पलीकडे गेले की डाव्याचे उजवे होते. उभ्या दिशेने पेला वाकलेला नसल्यामुळे वरचे खाली मात्र होत नाही. शिवाय पाण्याच्या रेषेवरच्या रिकाम्या काचेतून तेच फळ जागच्या जागी दिसते! मी डोळ्यांनी पाहिले नव्हते. फळ कोठे आहे हे मला 'ठाऊक' होते, तेच रंगवले.

नवशिके काच रंगवताना निळसर पांढरा रंग घेतात, तोही याच ठाऊकपणामुळे. स्वच्छ काचेला रंग असा जवळजवळ नसतोच. तिच्यामागची भिंत, फळ, मेजावरचे कापड हेच वाकवून रंगवावयाचे. पेल्याच्या कडांशी बाजूच्या वस्तू वळून येतात, म्हणून उजळ भिंतीपुढे त्या कडा गडद दिसतात. सावलीचेही तसेच. पेल्याच्या सावलीत पाण्याने गोळा केलेल्या उजेडाची एक लखलखीत रेघ असते. ती विसरली की पेला काचेचा न राहता मातीचा होतो.

आता चमक. काचेच्या एका पृष्ठभागावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परत फिरतो; तरीही खिडकीचा उजेड इतका प्रखर असतो की तेवढ्यानेही डोळे दिपतात. ट्यूबमधल्या पांढऱ्या रंगात ते तेज नाही. म्हणून आजूबाजूचे सगळे रंग एक पायरी खाली उतरवावे आणि शुद्ध पांढरा एकाच ठिपक्यासाठी राखावा. हा ठिपका म्हणजे प्रत्यक्ष खिडकीच असते. जवळून पाहिल्यास तिचे गजही दिसतात. काचेवरची चमक उजेडाच्या रंगाची असते, पितळेवरची मात्र पिवळी होऊन येते. दोन्हीकडे एकच पांढरा लावणारे चित्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत.

हॉलंडमधल्या हार्लेमच्या पीटर क्लाझ याने सुमारे १६२८ साली एका स्थिरचित्रात व्हायोलिन आणि कवटीच्या जोडीला काचेचा गोळा रंगवला. त्या गोळ्यात खोली, खिडकी आणि चित्र काढत बसलेला चित्रकारही दिसतो. गोळ्यात जे होते ते त्याने वगळले नाही, इतकेच.

हे सारे तैलरंगात का साधते? जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश सुकते. त्यामुळे फळाचा रंग भिंतीच्या रंगात ओला असतानाच मिसळता येतो. खालचा थर वाळल्यावर वर पातळ, पारदर्शक लेप देता येतो. आणि अखेरीस चमकेचा जाड ठिपका एकाच फटकाऱ्यात ठेवता येतो. तो पुन्हा चोळू नये, मळतो.

त्या सावकाश सुकण्यानेच माझीही लाज राखली. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पेल्यासमोर बसवून माझी चूक सांगितली. रंग अजून ओला होता. तिने सुरीने माझा थर अलगद खरवडला आणि आपले मोसंबे पुन्हा उजवीकडे नेले.