जुने स्पीकर, नवे दिनार

कुवेतमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला बुकशेल्फ स्पीकरचा नवा जोड घ्यावासा वाटला, की त्या इच्छेच्या बाजूने पहिली साक्ष दिनार देतो. इथे व्हॅट नाही, आयात शुल्क साधारण ५ टक्के. तोच जोड पुण्यात किंवा ठाण्यात घ्यायचा तर आयात शुल्क आणि वर जीएसटी. तेव्हा ‘इथे आहोत तोवर घेऊन टाकू’ हे वाक्य घरात दोन-तीनदा म्हटलं जातं आणि निर्णय होऊन जातो. समजा, सध्याचा जोड ८० दिनारचा आहे आणि डोळ्यांत भरलाय तो ३०० चा. एका दिनाराला तीनशेच्या आसपास रुपये धरले, तर वरचे २२० दिनार म्हणजे सहासष्ट हजार रुपये. एवढ्या पैशांत घरातलं गाणं किती बदलेल, हा प्रश्न ‘इथे स्वस्त मिळतंय’ या हिशेबात कुठेच येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सालमिया, मंगफ किंवा अब्बासियातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये पहिले वीस-तीस दिनार खोलीवर खर्च करावेत. त्यानंतरही मन भरलं नाही, तर स्पीकर बदलायला हरकत नाही. त्या वेळी मात्र नेमकं काय विकत घ्यायचंय, ते ठाऊक असावं.

इथला हॉल कसा असतो ते आठवा. खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती, एक मोठी काचेची खिडकी. उन्हाळा भयंकर. २०१६ च्या जुलैमध्ये कुवेतमधल्या मित्रिबा इथे पारा ५४ अंशांच्या जवळ गेला होता. म्हणून खिडक्या बंद आणि एसी चालू. अशा हॉलच्या मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे तारेवर काही आपटल्यासारखा झणझणीत आवाज आला, तर तो दोन समोरासमोरच्या भिंतींमधला आहे. ८० दिनारच्या स्पीकरलाही तो चिकटतो आणि ३०० दिनारच्या स्पीकरलाही. कुवेतच्या ‘सौत’ या गायनप्रकारात ऊद आणि मिरवास या छोट्या तालवाद्यासोबत टाळ्यांची घट्ट वीण असते. त्याचं एखादं रेकॉर्डिंग लावलं तर खोलीची परीक्षा आपोआप होते. सौतला आजचं रूप देणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं, ते एकोणिसाव्या शतकातले अब्दुल्ला अल-फरज मुंबईत राहिलेले होते. तेव्हा हे गाणं आपल्यालाही अगदीच परकं नाही.

झणझणीवर उपाय कुणालाही परवडेल असा आहे. जाड गालिचा, लांब आणि चुण्यांचे पडदे, भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट. गालिचा मात्र वरच्या स्वरांनाच आवरतो. खर्जाशी त्याला काही करता येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल, तर तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनांवर लावलेली असते. आता ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोली घ्या. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की लांबीची पहिली अनुनाद-कंपनसंख्या मिळते, ३४.३. तिची दुप्पट ६८.६. म्हणजे काळी एकचा खर्ज आणि या खोलीची लांबी यांचं जवळजवळ तंतोतंत जुळतं. परिणाम असा होतो, की मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला खर्ज घुमतो, नको तितका. त्याच भिंतीपासून सव्वा मीटर पुढे बसणाऱ्याच्या कानाशी तो जवळपास नाहीसा होतो. स्पीकर तेच, गाणं तेच, आवाज वाढवायची कळही तिथेच. साधारण दोनशे-तीनशे कंपनांच्या खाली खोलीच मालक असते. स्पीकर कितीही महाग आणला तरी तिथे तो भाडेकरू.

या खोलीत सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. कुवेती दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, बैठका चारी भिंतींना लावलेल्या असतात. त्यांना ते शोभतं, कारण मधली जागा माणसांसाठी मोकळी हवी असते. आपल्या भाड्याच्या हॉलमध्येही आपण तेच करतो, कारण नाहीतर मुलांना खेळायला जागा उरत नाही. मग ‘बेस फुगतो’ म्हणून स्पीकर बदलायला निघतो. ओळखीतल्या एका तरुणाने विचारलं होतं, “काका, माझे स्पीकर घुमतात. बदलू का?” मी म्हटलं, “आधी सोफा हातभर पुढे ओढ.” त्याला वाटलं, काका टाळतायत. आठवड्याने फोन आला. स्पीकर राहिले होते आणि सोफ्यावरून बायकोशी वाद सुरू झाला होता.

सोफा हलवता येत नसेल, तर स्पीकर हलवा. टीव्हीच्या कपाटाच्या खणात कोंबलेले असतील तर बाहेर काढून स्टँडवर ठेवा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावेत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. मागच्या भिंतीपासून थोडं अंतर सुटावं. आता काही अॅम्प्लिफायर माइक लावून खोलीतला फुगवटा स्वतः मोजतात आणि तेवढाच कापतात. असा अॅम्प्लिफायर घरात असेल आणि ते बटण कधी दाबलं नसेल, तर नव्या स्पीकरचा विचार आजच्यापुरता बाजूला ठेवावा.

एवढं करूनही उणीव राहिली तर ती स्पीकरची, आणि मग पैसे टाकण्यात अर्थ आहे. चांगल्या जोडाला आपण पैसे मोजतो ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे बाजूला फेकलेला आवाज. स्पीकर समोर जे वाजवतो त्याची बरीचशी नक्कल डावी-उजवीकडेही फेकतो, आणि टाइल्स-काचेच्या खोलीत ती आपटून आपल्यापर्यंत येते. समोरचा आवाज सरळ आणि बाजूचा वाकडा, असं साध्या स्पीकरमध्ये खूपदा घडतं. मग किशोरी आमोणकरांच्या वरच्या सप्तकातल्या जागा चिरल्यासारख्या वाटतात आणि निवेदकाचा ‘स’ शिट्टी मारतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात हेच मोजून दाखवलं. लोकांना पडद्याआड ऐकवलं की समोरचा आवाज सपाट आणि बाजूचा त्याच्याशी सुसंगत असलेले स्पीकर ते निवडतात. ट्वीटरभोवतीची उथळ परडी किंवा केईएफने १९८८ मध्ये आणलेली, वूफरच्या मध्यावर ट्वीटर बसवायची युनि-क्यू पद्धत, ही याच दुखण्यावरची औषधं. गालिचा-पडद्यांनी भागलं नाही, तर कुवेतच्या खोलीत नवा जोड घेण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच.

दुसरी गोष्ट खर्जाची ताकद, आणि इथे छोट्या पेटीला निसर्ग आडवा येतो. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर वूफरला चौपट हवा ढकलावी लागते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून छोट्या पेटीतून खोल आवाज काढून दाखवला, तेव्हापासून शेल्फवर मावणारे स्पीकर खऱ्या अर्थाने शक्य झाले. तरी चार-पाच इंची वूफर डग्ग्याची घुमारी पुरती देत नाही. तंबोऱ्याची काळजी त्या मानाने कमी. जवारीमुळे त्याच्या तारेत वरचे स्वर इतके भरलेले असतात, की मूळ ६९ कंपनं क्षीण झाली तरी कान ती भरून काढतो. बीबीसीने १९७० च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर आजही माणसाच्या गळ्यासाठी नावाजला जातो. खोल खर्ज त्यात कधीच नव्हता. डग्गा आणि ढोलच हवा असेल तर त्याच पैशांत जुन्या जोडाला सबवूफर जोडलेला बरा. फक्त खालच्या मजल्यावर ते ऐकू जाणार आणि रात्री हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, दार वाजवणार, हे गृहीत धरून.

वॅटचा मोह असतो तो वेगळाच. घरात बोलण्याच्या पातळीहून थोडं वर, म्हणजे ७० डेसिबलला गाणं ऐकणाऱ्याला तीन मीटरवरून सरासरी एका वॅटचा दहावा हिस्साही लागत नाही. तिहाईसरशी उसळी घ्यायला काही वॅट पुरतात. पातळी १० डेसिबलने वाढवायची तर दसपट ताकद लागते आणि कानाला ती साधारण दुप्पट वाटते. ४० वॅटचा अॅम्प्लिफायर १०० चा केला, तर वाढतात जेमतेम ४ डेसिबल. त्यासाठी दिनार मोजणं मला पटत नाही.

एसीचा मात्र कुणी हिशेब धरत नाही. स्प्लिट एसी साधारण ३५ ते ४५ डेसिबलचा सूं-सूं आवाज सतत करतो, खिडकीतला त्याहून जास्त. आलापीतले हलके स्वर, मींडेची शेपटी, तंबोऱ्याची मंद वलयं त्याच पातळीला असतात. महागडा स्पीकर जे ‘बारकावे’ देतो म्हणतात, ते एप्रिल ते ऑक्टोबर एसीच्या खाली गाडलेले राहतात. तेव्हा नव्या जोडाची परीक्षा जानेवारीत घ्यावी, एसी बंद करून.

दुकानात ऐकून ठरवणाऱ्याची फसगत दोन प्रकारांनी होते. दोन जोडांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, एखाद्या डेसिबलने का होईना, तर तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. विक्रेत्याचा हेतू वाईट असायचीही गरज नसते, जास्त संवेदनशील स्पीकर आपसूक मोठ्याने वाजतो. दुसरी फसगत डोळ्यांची. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये, स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत असताना, तिथल्याच माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. स्पीकर दिसत असताना त्यांनी मोठ्या, देखण्या पेट्यांना भरघोस गुण दिले. पडदा ओढल्यावर ते अंतर आक्रसलं. स्पीकरची जागा बदलल्याने पडणारा फरकही दिसत असताना त्यांना कमी जाणवला होता. म्हणून परत करण्याच्या बोलीवर जोड घरी आणावा, फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपने दोन्हींची पातळी सारखी करावी, पुढे चादर टांगावी आणि तारा बदलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं. फरक सांगता आला नाही, तर २२० दिनार वाचले.

आणि ऐकणार काय आहोत? गीतरामायण १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून प्रसारित झालं. तो काळ एकाच माइकसमोर, मोनोमध्ये गाण्याचा. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या त्याआधीच्या. ज्यांचं निम्मं ऐकणं या काळातलं आहे, त्यांना गळ्याचा मधला पट्टा स्वच्छ देणारा कुठलाही बऱ्यापैकी जोड पुरतो. फार ‘उघडा’ स्पीकर आणलात तर तबकडीची खरखर अधिक ठसठशीत ऐकू येईल एवढंच.

या सगळ्यातून पार पडूनही जोड हवाच असेल तर वापरलेला पाहावा. जून उजाडला, शाळा सुटल्या, की व्हिसा रद्द करून कायमचे परत जाणारे घरातलं सामान विकायला काढतात. शुवैखजवळच्या फ्रायडे मार्केटमध्येही पेट्या दिसतात, पण तिथे वाजवून बघायची सोय असेलच असं नाही. घेण्याआधी जाळी काढून कोनच्या कडेची वाटोळी पट्टी बोटाने हलकेच दाबावी. रबर असेल तर उत्तम. फोम असेल तर दहा-पंधरा वर्षांत तो भुगा होतो, आणि इथली उष्णता त्याला घाई करते. तुमच्याच जुन्या जोडाचा आवाज अलीकडे फाटत असेल, तर कदाचित दुखणं तेच आहे. नव्या जोडाच्या मानाने किरकोळ पैशांत फोम बदलून मिळतो. उद्या परत जायचं झालं तर वीजदाबाची चिंता नको. इथे २४० व्होल्ट, भारतात २३०, दोन्हीकडे ५० हर्ट्झ. अॅम्प्लिफायरचा चौकोनी पिनांचा प्लग तेवढा बदलायचा. जोडाचं वजन बारा-पंधरा किलो भरतं, म्हणजे विमानाच्या सामानातला अर्धा वाटा गेला. तेव्हा कार्गोने पाठवणं आलं, आणि त्यासाठी थर्माकोलसकट मूळ खोकं माळ्यावर जपून ठेवणं आलं. कुवेतच्या फ्लॅटना माळा नसतो, त्यामुळे ते पलंगाखाली.