भोपळ्याचं गणगोत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणेशोत्सवात चिंचपोकळीत चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला गर्दी लोटलेली असते, त्याच दिवसांत ऋषिपंचमीला लालबाग-परळमधल्या कोकणी घरांत ऋषीची भाजी शिजते. अळू, भेंडी, मक्याबरोबर तिच्यात पडवळ, शिराळं आणि लाल भोपळाही पडतो. हे तिघे एकाच कर्कटी कुळातले. काकडी, दुधी, कारलं, तोंडली, कलिंगडही त्यांचेच भाऊबंद. या कुळात सुमारे 95 प्रजाती आणि 950हून अधिक जाती आहेत. त्यांच्या नात्यांबद्दल मात्र आपले अंदाज बरेचदा चुकतात.

गैरसमज : दुधी आणि लाल भोपळा सख्खे भाऊ.

वस्तुस्थिती : दोघे दूरचे. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. कोलंबसाच्या सफरींनंतरच तो आपल्याकडे पोहोचला. दुधीचे रानटी पूर्वज आफ्रिकेतले. त्याची टणक, पोकळ फळं समुद्रावर तरंगतात आणि आतलं बी दीर्घकाळ जिवंत राहतं. अशीच वाहत जाऊन ती अटलांटिकपार अमेरिकेला लागली, असा निष्कर्ष 2014 साली डीएनएच्या अभ्यासातून निघाला. या कुळाला असे प्रवास नवे नाहीत. शेफर, हाइबल आणि रेनर या संशोधकांनी 2009 साली मांडलेल्या वंशवृक्षानुसार कुळाचा उगम आशियात झाला आणि त्याच्या शाखांनी किमान 43 वेळा समुद्र ओलांडले.

गैरसमज : कलिंगड आणि खरबूज अगदी जवळचे.

वस्तुस्थिती : खरबूज काकडीच्या प्रजातीतलं आहे. कोकणातलं चिबूड तर खरबुजाच्याच जातीचं. कलिंगड मात्र दुधी आणि कोहळ्याला अधिक जवळचं. गोडव्यावरून नातं ठरत नाही.

गैरसमज : काकडीशेजारी खरबूज लावलं तर संकर होऊन फळ बेचव होतं.

वस्तुस्थिती : काकडीत गुणसूत्रांच्या 7 जोड्या असतात, खरबुजात 12. त्यांचा नैसर्गिक संकर होत नाही. शिवाय परागकणांचा परिणाम बियांतून उगवणाऱ्या पुढच्या पिढीत दिसतो. त्याच फळाचा गर त्यानं बदलत नाही.

गैरसमज : फुलं गळली म्हणजे वेल रोगट.

वस्तुस्थिती : दुधी, काकडी, पडवळाच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलं आधी उमलतात आणि गळून जातात, ते स्वाभाविकच आहे. मादी फुलाच्या देठाशी इवलंसं फळ दिसतं, तीच ओळख. तोंडली आणि करटोलीत तर नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. तोंडलीतली लिंग ठरवणारी गुणसूत्रं भारतीय संशोधकांनी 1940 सालीच ‘करंट सायन्स’मध्ये नोंदवली होती. बाजारातली तोंडली मादी वेलाची. म्हणूनच शेतकरी बी न पेरता फळणाऱ्या वेलाचे तुकडे लावतात.

गैरसमज : कारलं कडू असूनही चालतं, मग कडू दुधीचा रसही औषधी.

वस्तुस्थिती : हा समज जीवावर बेतू शकतो. कडू दुधीत कुकर्बिटासिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं. त्याच्या रसानं उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब खालावणं असे त्रास होतात. भारतात मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं असा रस न पिण्याचा स्पष्ट सल्ला दिला आहे. शिजवल्यानंही हे विष खात्रीनं नष्ट होत नाही. दुधी चिरला की आधी एक छोटी फोड चाखून थुंकून टाका. कडू लागली, तर अख्खा दुधी फेकून द्या.