मशीन ‘बिघडलं’ म्हणजे नेमकं कुठे अडकलं?

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. “अरे, मशीन धुतंय, पण पाणी सोडत नाहीये. माणूस बघून गेला. बोर्ड गेलाय म्हणतो, साडेसहा हजार लागतील.” ती चार दिवस बाथरूममध्ये वाकून चादरी धूत होती, आणि तिच्या कमरेचं दुखणं तर जुनंच आहे. शनिवारी घरी जाऊन मी मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं. आत दोन रुपयांचं नाणं, एक हेअरपिन आणि बाबांच्या शर्टाचं बटण निघालं. मशीन तेव्हापासून नीट चालू आहे.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे कुणी “चालत नाही” म्हणालं, की पहिला प्रश्न असतो: कुठल्या पायरीवर थांबलं? मशीनलाही तोच प्रश्न विचारायचा. त्याच्या पायऱ्या चारच आहेत. पाणी भरणं, धुणं, पाणी सोडणं, पिळणं. अडकलेली पायरी कळली की अर्धं काम झालं.

हात लावण्याआधी प्लग काढा आणि नळ बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पाणी येत नाही. आधी मागचा पाइप कुठे दुमडलाय का बघा. मग तो मशीनच्या बाजूने सोडवा. आत एक बारीक जाळी दिसेल. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ती वाळूने भरते. पकडीने हळूच ओढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. जाळी साफ असूनही पाणी मंद येत असेल तर प्रेशर बघा. टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार प्रेशर मिळतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर ही उंची ३ मीटर असेल, तर जेमतेम ०.३ बार. आपल्या मशीनला किमान किती लागतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

पाणी भरतच राहतं. सांडपाण्याचा पाइप खाली जमिनीवर पडलाय का? तसं असेल तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन बिचारं भरत बसतं. फ्रंट लोडचा पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवा.

पाणी जात नाही. आमच्या आईची केस. फ्रंट लोडमध्ये खाली पंपाचा फिल्टर असतो. गरम पाण्याने धुतलं असेल तर आधी थंड होऊ द्या. खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा, शेजारी छोटी नळी असेल तर तिच्यातून पाणी काढा, मग फिल्टर हळूहळू उलटा फिरवा. टॉप लोडमध्ये असा फिल्टर बहुतेक वेळा नसतो. तिथे सांडपाण्याचा पाइप दुमडलाय किंवा तुंबलाय का ते बघा.

पिळत नाही किंवा नाचतं. एकटी जाड चादर टाकली की ती एका बाजूला गोळा होते आणि मशीन पिळायचं थांबवतं. सोबत दोन-तीन कपडे टाका. पावडर जास्त झाली तर फेसामुळेही हेच होतं. मशीन चारही पायांवर टेकलंय का, हलवून बघा. नवीन फ्रंट लोड पहिल्याच दिवशी थयथयाट करत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का बघा.

दार उघडत नाही. एक-दोन मिनिटं थांबा, लॉक सुटायला वेळ लागतो. तरी उघडलं नाही तर आत पाणी असेल. ओढाताण करू नका, आधी पाणी काढा.

आता कुठे थांबायचं तेही सांगतो. अंगाला झिणझिण्या आल्या, जळका वास आला किंवा एमसीबी परत परत पडत असेल, तर मशीन वापरणंच बंद. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. मागचं पॅनल स्वतः उघडू नका. काही मशीनमध्ये कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

आणि मेकॅनिकला बोलवावं लागलं तर “बिघडलं” एवढंच सांगू नका. “धुणं होतं, पाणी सुटत नाही, फिल्टर साफ केलाय, स्क्रीनवर हा कोड येतोय,” असं सांगा. पार्ट बदलायचा म्हणाला तर का, ते विचारा आणि जुना पार्ट मागून घ्या. सगळेच फसवतात असं नाही, पण नेमकं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमकंच उत्तर द्यावं लागतं.

आमच्या घरी आता नवा नियम आहे. खिसे तपासल्याशिवाय बाबांचा शर्ट मशीनमध्ये जात नाही. आणि फिल्टर? तो आई दर महिन्याला स्वतः साफ करते. भेटू पुढच्या भागात!