सेवेचे वर्ष तीस जूनला संपू नये

मे महिना उजाडला की महाराष्ट्रातील रक्तपेढ्यांतून टंचाईची ओरड ऐकू येऊ लागते. महाविद्यालये बंद असतात, विद्यार्थी गावी गेलेले असतात, कचेऱ्यांतील मंडळी रजेवर असतात आणि रक्तदान शिबिरे रोडावतात. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते. त्याच्या आजाराला उन्हाळी सुटी नसते. वास्तविक या राज्यात रक्तदात्यांची वानवा नाही. वानवा आहे ती वर्षभराच्या नियोजनाची, आणि याबाबतीत सेवाभावी क्लब व त्यांची युवक मंडळे पुष्कळ काही करू शकतील.

रोटरीची स्थापना १९०५ साली शिकागो येथे झाली; लायन्सची १९१७ साली त्याच शहरात. तरुणांसाठी लायन्सने १९५७ मध्ये लिओ क्लबांचा आरंभ केला. रोटरीने १९६२ मध्ये शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये त्यांच्याहून मोठ्यांसाठी रोटरॅक्ट सुरू केले. विद्यार्थ्याजवळ वेळ असतो, उमेद असते. परंतु रुग्णालयाच्या वा कचेरीच्या दारात त्याला कोणी ओळखत नाही. ज्येष्ठांच्या क्लबाने दिलेले एक परिचयपत्र, सभागृह आणि थोडा निधी यांनी ही दारे उघडतात. या आधाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु दोष आहे तो या संस्थांच्या दिनदर्शिकेत. त्यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवा संकल्प, नवा फलक! साहजिकच वर्धापनदिन, पदग्रहण, पुढाऱ्यांचे वाढदिवस अशा निमित्तांना शिबिरांची गर्दी होते. पण रक्त म्हणजे कोठारात भरून ठेवण्याचे धान्य नव्हे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. शिवाय एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला ३ महिने आणि स्त्रीला ४ महिने पुन्हा देता येत नाही. तेव्हा एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमवण्याचा विक्रम छायाचित्रापुरता ठीक. पुढच्या टंचाईला त्याचा उपयोग नाही.

अशा शिबिरांत युवकांच्या वाट्याला काय येते? बहुधा खुर्च्या मांडणे आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे. रोटरीने निदान नियमांत ही पायरी ओलांडली आहे. २०१९ मध्ये रोटरॅक्ट क्लबांना संघटनेच्या सदस्यत्वात स्थान मिळाले आणि जुलै २०२० पासून पुरस्कर्त्या क्लबाविनाही असा क्लब स्थापन करता येऊ लागला. नियम बदलला, वृत्तीही बदलायला हवी.

ज्येष्ठांचा आक्षेप असा असतो, की मुले परीक्षा आली की पांगतात. आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय आहे. प्रत्येक युवक मंडळाने दात्यांची नोंदवही ठेवावी. तिच्यात रक्तगट, मागील रक्तदानाची तारीख आणि सुटीतले गाव यांची नोंद असावी. रक्तपेढीशी बोलून कोणत्या महिन्यात किती दाते लागतील ते ठरवावे. पुण्यात शिकणारा विद्यार्थी मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील आपल्या गावी गेला, तर तेथील क्लबाने त्याला बोलवावे. गावोगावी पसरलेल्या या जाळ्याचा त्याहून चांगला उपयोग कोणता? अठरा वर्षांखालील मुलांना रक्त देता येत नाही, पण वही लिहिता येते. आणि पुढील वर्षाची छोटीशी रक्कम मावळत्या अध्यक्षाने जूनपूर्वीच बाजूला काढून ठेवावी.

अर्थात, याचा निर्णय आणि हिशेब दोन्ही युवकांकडे सोपवावे लागतील. चुका होतील, त्या सुधारण्यासाठीच तर वडीलधारे शेजारी हवेत. दरसाल जूनअखेर मावळता अध्यक्ष गळ्यातील पदक नव्या अध्यक्षाच्या गळ्यात घालतो. त्याच समारंभात ती नोंदवहीही पुढच्या मुलांच्या हाती गेली, तर पुढल्या मे महिन्यात एखाद्या बापाला रक्ताच्या एका पिशवीसाठी गावभर वणवण करावी लागणार नाही.